सोंग, बतावणी आणि मस्करी

वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक वाक्य ठरलेलं असतं : 'पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले.' गाव बदलतं, चिखली असेल, मलकापूर असेल, मेहकर असेल. दागिन्यांचं वजन बदलतं. 'बतावणी' मात्र हलत नाही. फसवणूक, भामटेगिरी, लुबाडणूक हे शब्द वार्ताहराला ठाऊक असतात. पण चोरानं आधी थोडं नाटक केलं आणि मग हात मारला, एवढं सगळं एका शब्दात बसवायचं तर बतावणीच लागते. हा शब्द त्याच्या हाती आला आहे तो तमाशाच्या फडातून.

बतावणे म्हणजे दाखवणे, सांगणे. हिंदीतल्या 'बताना'चा हा भाऊ. तमाशात गण झाला, गौळण झाली की वग सुरू होण्याआधी दोघातिघांचा जो हजरजबाबी, चावट, कधी आचरट संवाद चालतो ती बतावणी. तिच्याआधीची गौळणही काही कमी नसते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट पेंद्या अडवतो, मावशी पदर खोचून पुढं होते, कृष्ण दही-दुधाचं दाण मागतो, आणि दाणाच्या निमित्तानं भलतंच काही मागतो. मावशी बहुधा दाढी घोटलेला पुरुषच. ती ठसक्यात कृष्णाला जाब विचारते, तेव्हा समोर बसलेल्या हजारभर माणसांना ती बाई नाही हे माहीत असतं, आणि म्हणूनच हसू येतं. युरोपात वेषांतर, लगट आणि खोड्या यांवर संगीताची झूल चढवून जे हलकंफुलकं नाटक रचतात त्याला ऑपेरेटा म्हणतात. आपल्याकडे तो सगळा ऐवज गौळण-बतावणीत कधीचा होता, फक्त बसायला मखमली खुर्ची नव्हती.

पण मुद्दा बतावणीचा चालला होता. फडातली बतावणी आणि जिल्हा पानावरची बतावणी यांत फरक काय? कपडे तेच, आवाजही तोच. याचं उत्तर कोशात शोधण्यापेक्षा आठवडी बाजारात उभं राहावं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सुगीनंतर बहुरूपी फिरतात. त्यांतले बरेच रायरंद समाजाचे. खाकी वर्दी, बगलेत जाडजूड डायरी, कमरेला लाकडी पिस्तूल, ओठावर काजळाची मिशी, आणि पायात प्लॅस्टिकची चप्पल. किराणा दुकानापुढं उभा राहून हा फौजदार दरडावतो, "काय भाऊ, मापात मारता म्हणे! कलम चारशे भजी, पाचशे जिलबी. चला ठाण्यात." दुकानदार मान वर न करता विचारतो, "साहेब, वॉरंट दाखवा." साहेब डायरी उघडतात, आत देवाचा फोटो. पोरं खिदळतात, गल्ल्यातून दहाची नोट निघते, फौजदार खाडकन सलाम ठोकून शेजारच्या दुकानात धाड घालायला जातो. चप्पल त्यानं विसरून घातलेली नसते. ती दिसावी म्हणूनच असते. भामटा मात्र बूट घालून येतो.

या चपलेला मराठीत शब्द आहे : सोंग. आणि बुटाला शब्द आहे : ढोंग.

सोंग हा हिंदी 'स्वांग'चा सख्खा. उत्तरेत स्वांग किंवा सांग नावाचा लोकनाट्याचा प्रकारच आहे. व्युत्पत्ती सांगताना स्व आणि अंग अशी फोड करतात. आपल्याच अंगावर दुसऱ्याला आणायचं, असा अर्थ त्यातून काढता येतो. मला ती फोड आवडते, पण आवडण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही, म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. या शब्दाची क्रियापदं जास्त खात्रीची साक्ष देतात. सोंग आणतात, घेतात, काढतात, वठवतात. ढोंग नुसतं करतात. सोंग वठतं, ढोंग उघडं पडतं. 'त्याचं ढोंग छान वठलं' असं कोणी म्हणत नाही, कारण ढोंगाला प्रेक्षक नसतो, गिऱ्हाईक असतं.

'रात्र थोडी, सोंगं फार' ही म्हण आपण परीक्षेच्या आदल्या दिवशी वापरतो, पण ती शब्दशः खरी होती. लळितात किंवा बोहाड्यात रात्रभर एकामागून एक सोंगं यायची. गणपती, सरस्वती, वासुदेव, दैत्य. झुंजूमुंजू व्हायच्या आत सगळ्यांना आपली पाळी मिळाली पाहिजे. यादी लांब आणि उजाडायला आलेलं, अशी मंडळींची खरोखरीची अडचण म्हणीत जाऊन बसली. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' हीसुद्धा नाटक कंपनीच्या मालकाच्याच तोंडची वाटते. आणि वऱ्हाडीत सोंग अनेकवचनात घरात शिरलं. आरशापुढं ओढणी डोक्यावरून घेऊन मुरडणाऱ्या नातीला आजी म्हणते, "कायले सोंगं करून रायली वं?" यात रागापेक्षा कौतुक जास्त. तोच आजीचा आवाज सुनेच्या डोकेदुखीबद्दल बोलताना 'ढोंगं' म्हणतो, तेव्हा घरात महाभारत होतं.

ढोंगाच्याही पुढची पायरी तोतया. सोंग संपतं, ढोंग पकडलं जातं, तोतयाला मात्र फासावर जावं लागतं. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढं एकानं 'मीच भाऊ' म्हणून दावा उभा केला, माणसं आणि किल्ले गोळा केले, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' लिहिलं. म्हणजे खऱ्या आयुष्यात तोतया झालेल्याचं सोंग रंगभूमीवर एका नटानं घेतलं, आणि त्याला टाळ्या मिळाल्या. वेष तोच, पण एकाला सुळाची भीती आणि दुसऱ्याला वन्समोअरची आशा.

आता जिल्ह्याकडे येऊ. बुलढाणा हे नावच भिलठाण्यावरून आलं असं सांगतात, म्हणजे गावानंच वेष पालटलेला. पण इथल्या वेषांतराचा खरा मानकरी घाटाखाली, खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली करत होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. 'महाराष्ट्र गीता'चे कर्ते, गडकऱ्यांचे गुरू, मराठी विनोदी लेखनाचे आद्य प्रवर्तक, शिवाय भारतीय ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिणारे. जळगाव जामोदच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. नाव आहे, वाचन फारसं नाही. पण ती तक्रार इथं नको.

कोल्हटकरांच्या नाटकांची नुसती नावं ओळीनं वाचावीत : 'मूकनायक', 'गुप्तमंजूष', 'प्रेमशोधन', 'वधूपरीक्षा', 'जन्मरहस्य', 'मायाविवाह'. कोणी मुकं असल्याचं दाखवतो, कुठं पेटीत काही दडलंय, कुणाच्या जन्माचा पत्ता नाही, लग्न लागलं ते खरं की खोटं कळत नाही. गुप्त, शोधन, परीक्षा, रहस्य, माया. हा नाटककाराच्या टेबलावरचा कागद आहे की फौजदारी वकिलाच्या, असा प्रश्न पडावा. त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ चा, आणि त्याचं नाव 'साक्षीदार'. दिवसभर कोर्टात शपथेवर बतावण्या ऐकणाऱ्या माणसाला विनोद लिहायला वेगळा विषय कशाला हवा? 'साक्षीदार' हा शब्दही दुहेरी वेषातलाच : धड संस्कृत, शेपूट फारसी. साक्षी म्हणजे डोळ्यांनी पाहणारा. त्याला 'दार' जोडलं की साक्ष बाळगणारा. बाळगलेली वस्तू विकताही येते, हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक असतं.

कोल्हटकरांचा विनोद कोट्यांचा. 'कोटी' म्हणजे टोक, धनुष्याचं टोक. वादातली बाजूही कोटी आणि शंभर लाखही कोटी. शब्दाच्या दोन टोकांना एकदम ताण दिला की ती शाब्दिक कोटी. खुद्द 'विनोद' हा मुळात ढकलण्याचा शब्द : वि आणि नुद्, दूर सारणे. कंटाळा दूर सारतो तो विनोद. मग कंटाळवाण्या विनोदाला काय म्हणावं, हा प्रश्न व्युत्पत्तिकारांनी सोडवलेला नाही.

कोल्हटकरांनी पदांसाठी पारशी-उर्दू नाटकांच्या चाली उचलल्या, तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. ती मुरडणारी मंडळी एक गोष्ट विसरत होती. किर्लोस्करांना १८८० मध्ये 'शाकुंतल' रचायची सुरसुरी आली तीही पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहूनच. आणि त्याच सुमारास, सहा वर्षं आधी, १८७४ मध्ये व्हिएन्नात योहान स्ट्राउसचा 'डी फ्लेडरमाउस' हा ऑपेरेटा रंगमंचावर आला होता. मोलकरीण मालकिणीचा झगा घालून मेजवानीला जाते, नवरा मुखवट्यातल्या परदेशी सरदारणीवर लट्टू होतो आणि ती त्याचीच बायको निघते. नावाचा अर्थ वटवाघूळ. त्यांच्याकडे तो फडफडणारा उंदीर आहे. आपल्या वाघळातही वाघ नाही. संस्कृतात वल्गुली, प्राकृतात वग्गुली, तिथून वाघूळ. वाघाशी त्याचं नातं फक्त ऐकण्यापुरतं. प्राण्यांच्या नावांतही सोंगं फार.

'ऑपेरा' म्हणजे लॅटिनमध्ये नुसतं काम, कृती. 'ऑपेरेटा' म्हणजे छोटं काम. मराठीत त्याला आकाशवाणीच्या काळात 'संगीतिका' रूढ झालं, आणि गंमत म्हणजे तिथंही तोच लहानपणाचा प्रत्यय आला : नाटक-नाटिका, एकांक-एकांकिका, संगीत-संगीतिका. पण लोकांच्या तोंडी शब्द राहिला 'संगीत नाटक', आणि जाहिरातीत तर 'संगीत' हे चक्क विशेषण झालं : संगीत सौभद्र, संगीत शारदा. संस्कृतच्या पंडितानं कपाळावर हात मारावा असा हा प्रयोग इतका रुळला की पुढं संगीत खुर्चीही आली.

'सौभद्र' १८८२ चं. आपल्याकडचा अस्सल ऑपेरेटा दाखवा म्हटलं तर मी त्याच्याकडेच बोट करीन. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, कृष्णाला अर्जुनाला. अर्जुन यतीचा वेष घेतो, आणि बलराम स्वतःच त्या यतीला मोठ्या भक्तिभावानं घरात आणून ठेवतो. सगळ्या खोड्यांचं सूत्र कृष्णाकडे, आणि त्याचं स्वतःचं रुक्मिणीपुढं काही चालत नाही. आता या यतीसाठी अमरकोशात एक शब्द आहे. भिक्षू, परिव्राजक यांच्या पर्यायांत तिथं येतो : मस्करी.

हो, मस्करी. संस्कृतातला मस्करिन्. मस्कर म्हणजे वेळू. वेळूचा दंड बाळगणारा तो मस्करी. पाणिनीनं सूत्रात मस्कर आणि मस्करी हे दोन्ही शब्द वेळू आणि परिव्राजक या अर्थांनी दिले. पतंजलीला मात्र ते पटलं नाही. तो म्हणतो, नुसत्या काठीमुळं नव्हे. 'कर्मं करू नका, शांतीच तुमच्या हिताची' असं जो सांगत फिरतो तो मस्करी. अर्जुनाला हे दोन्ही लागू करून पाहावं. भागवतातला त्याचा वेष त्रिदंडी यतीचा, म्हणजे हातात दंड आहेच. आणि 'काही करू नका' अशा पंथाचा झगा अंगावर घालून हा गृहस्थ करणार काय, तर यजमानाची बहीण पळवणार.

आपली मराठी मस्करी मात्र या यतीच्या घरातली नाही. ती अरबीतून फारसीमार्गे आली : मस्खरा, म्हणजे विदूषक, ज्याची टर उडवतात तो. वेळूचा दंड घेतलेला मस्करी आणि मस्खऱ्याची मस्करी, दोन वेगळ्या मुलखांतले शब्द, मराठीत येऊन एकाच उच्चारावर उभे राहिले. 'सौभद्र' पाहताना दोन्ही एकाच नटाच्या अंगावर असतात. यात व्युत्पत्तीचं नातं काहीही नाही, आणि तरीही ही जोडी मला कुठल्याही खऱ्या व्युत्पत्तीपेक्षा प्यारी आहे. त्यावर कळस असा की युरोपातल्या 'मास्क'चं मूळही याच अरबी मस्खऱ्यात काही कोशकार पाहतात. सगळ्यांना ते मान्य नाही. काहीजण मध्ययुगीन लॅटिनमधल्या चेटकिणीकडे बोट दाखवतात. मान्य केलं तर तिकडचा मुखवटा आणि गल्लीतली मस्करी चुलतबहिणी ठरतात.

लगटीचे शब्दही असेच लांबून आलेले. नखरा फारसी. चेष्टा संस्कृत, पण संस्कृतात तिचा अर्थ नुसती हालचाल. हातवारे करणाराला पाहून हसणाऱ्या मराठी माणसानं तिची थट्टा केली. 'लटिके' संतांच्या लेखी सरळ खोटं, निषेधाचा शब्द. आज तोच 'लटका' झाला की फक्त रागाला लागतो, आणि तो राग हवाहवासा असतो. प्रेमिकांनी शब्दाचा एवढा उद्धार क्वचितच केला असेल. मग 'स्त्रीपार्टी' : भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व यांसारख्यांना लावलेला हा शब्द इंग्रजी 'पार्ट'ला मराठी ई जोडून झाला. आजच्या पोराला तो ऐकवला तर महिलांचा एखादा पक्ष किंवा भिशीची पार्टी वाटेल.

नाटकात वेष उघडा पडला की होते ती फजिती. अरबी फजीहत म्हणजे बेअब्रू, नामुष्की. मान खाली घालायला लावणारी गोष्ट. मराठीत येता येता तिचं विष उतरलं. 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाची होते ती फजिती. मोलिएरच्या फ्रेंच नवऱ्याची आर्थर मर्फीच्या इंग्रजीतून देवलांकडे येईपर्यंत जी उलथापालथ झाली, तीच थोडीफार या शब्दाचीही. फजितीवर आपण हसतो आणि ज्याची झाली तोही चार दिवसांनी हसतो.

उलट दिशेनं गेलेले शब्द जास्त आहेत. तमाशा मुळात अरबी 'चालणे' या धातूतला. मौजेखातर फिरणं, फिरता फिरता पाहणं, मग पाहण्याजोगं दृश्य. फारसीत बागेत फिरायला जाणं हाही तमाशाच. आपल्याकडे तो लोककलेचं नाव झाला आणि दुसऱ्या बाजूनं शिवीही : 'घरात तमाशा नको.' फार्स हा लॅटिनमधल्या 'ठासून भरणे'तून निघालेला शब्द, करंजीतल्या सारणाच्या जातीचा. गंभीर नाटकाच्या पोटात भरायचा तो फार्स. पौराणिक नाटक संपलं की शेवटी फार्स व्हायचा आणि लोक तेवढ्यासाठी थांबायचे. आता चौकशी समितीचा फार्स होतो आणि कोणी थांबत नाही. भूमिका तर सगळ्यांत पुढं गेली. संस्कृतात भूमिका म्हणजे नटाचा पेहराव, घेतलेलं रूप. आज पक्षाची भूमिका, शासनाची भूमिका, 'आमची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट आहे'. बोलणाऱ्याला ठाऊक नसतं की तो आपल्या कपड्यांविषयी बोलतो आहे.

हे सगळे शब्द मांडवात असताना निर्मळ होते, मांडवाबाहेर पडले आणि काळवंडले. कारण बाहेर प्रेक्षकाला आधी सांगितलेलं नसतं. फडात बतावणी म्हटलं की सगळे पुढं सरकून बसतात. रस्त्यावर तीच झाली की बाई गळ्यातली पोत काढून हातात देते. फजितीचं उलट झालं, कारण ती बाहेरून मांडवात आली.

एक शब्द राहिला, 'मूकनायक'. कोल्हटकरांचं नाटक १९०१ चं; नायक बोलता येत असून मुक्याचं सोंग घेतो. एकोणीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० ला, डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या पाक्षिकाचं नावही 'मूकनायक'. अक्षरं तीच. पहिल्यात मूक असा जो नायक तो, कर्मधारय. दुसऱ्यात मूकांचा नायक, षष्ठी तत्पुरुष. पहिल्याला बोलायचं नव्हतं, दुसऱ्यातल्यांना बोलू दिलं नव्हतं. तेव्हा पेपरात या सामासिक शब्दाचा विग्रह विचारलाच, तर तपासणाऱ्यानं आधी विचारावं, कोणत्या सालातला? नाहीतर दोन्ही उत्तरांना पुरे गुण द्यावेत.